पुनवेच्या भरतीला बांधलेली सिंड्रेला

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माहीममधल्या एका शाळेच्या सभागृहात मी सिंड्रेलाच्या गोष्टीचा एक प्रयोग पाहिला. दोनच कलाकारांचा हा गट शाळांमध्ये, वाचनालयांमध्ये आणि सोसायट्यांच्या सभागृहांमध्ये जाऊन गोष्टी सांगतो. एक बाई कथा सांगतात. एक तरुण ढोलकी आणि झांज वाजवतो आणि गोष्टीतल्या पुरुषांचे संवादही तोच बोलतो. मागे लाकडी घोडीवर हाताने रंगवलेली मोठी चित्रे लावलेली असतात आणि कथा पुढे जाईल तशी ती उलटली जातात. चित्रे दाखवत गोष्ट सांगण्याची ही रीत कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या ठाकर समाजाच्या चित्रकथीवरून घेतल्याचे त्यांनी सुरुवातीलाच सांगितले, आणि ते आवर्जून सांगितले हे मला आवडले. प्रयोग मध्यंतराशिवाय सव्वा तासाचा असून तिकीट २५० रुपये आहे. त्यांची सिंड्रेला राजवाड्यात जात नाही. ती मुंबईच्या कोळीवाड्यात राहते, मासळीला मीठ लावते आणि नारळी पौर्णिमेच्या रात्री बंदरावर नाचायला जाते.

मी तीस वर्षे प्राथमिक शाळेत मराठी शिकवले. परदेशी परीकथांना मराठी साज चढवलेली पुस्तके आणि प्रयोग मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि बहुतेकांनी माझी निराशा केली आहे. राजकन्येला नऊवारी नेसवायची, नाकात नथ घालायची, राजवाड्याचा वाडा करायचा, मेजवानीत पुरणपोळी वाढायची. आणि मग त्याच वाड्यात रात्री बाराचे टोले पडतात, त्याच नऊवारीतल्या मुलीच्या पायातून काचेचा बूट निसटतो. मुलांना यात काही खटकत नाही असे आपण धरून चालतो, पण माझ्या वर्गातल्या एका मुलाने “बाई, काचेच्या बुटात पाय कापत नाही का, आणि आपण देवळात जाताना बूट काढतो तसा तिने नाचताना काढला नाही का?” असे विचारले होते, आणि त्या प्रश्नावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. म्हणून या प्रयोगाला जाताना मी माझ्या सात वर्षांच्या नातीबरोबर आणखी दोघींना नेले: पंचवीस वर्षे आमच्या दारावर मासळी आणणाऱ्या मावशी, ज्यांचा जन्म माहीमच्याच कोळीवाड्यातला, आणि त्यांची नऊ वर्षांची नात. कोळीवाड्याची म्हणून सांगितलेली गोष्ट कोळीवाड्यातल्या माणसाच्या कानाला कशी लागते, हे मला पाहायचे होते.

“आटपाट नगर होतं, त्या नगराची सात बेटं होती,” या वाक्याने गोष्ट सुरू होते. पुढच्या रांगेतल्या मुलांनी लगेच “मुंबई!” असा पुकारा केला आणि कथेकरी बाई काहीही न बोलता फक्त हसल्या. त्यानंतर येते ते मीठ. सिंड्रेला हे नाव मुळात राखेवरून आले आहे. चुलीपाशी राखेत बसणारी, म्हणून तिला ते चिकटले. आपल्याकडे चुलीशी बसणे ही वेगळी अशी शिक्षा वाटत नाही, कारण घरातल्या सगळ्याच बायका चुलीशी बसत आल्या. या गटाने राखेच्या जागी मीठ आणले आहे. बाप होडी घेऊन गेला तो परतला नाही. घरात सावत्र आई आणि तिच्या दोन मुली. आणि हिच्या वाट्याला मासळीला मीठ चोळून ती वाळत घालण्याचे काम. मीठ हातांच्या भेगांत शिरते, केसांत बसते, अंगावर पांढरे होऊन सुकते, आणि म्हणून सगळे तिला ‘खारी’ म्हणतात. नाव ऐकल्याबरोबर मुले हसली, कारण मुंबईच्या मुलांना खारी म्हणजे चहात बुडवायचे बिस्कीट. दुसऱ्यांदाही हसली. तिसऱ्यांदा, सावत्र बहिणी तिच्या भेगाळलेल्या हातांवर मिठाची ओंजळ ओततात त्या चित्रापाशी ते नाव आले, तेव्हा कोणीही हसले नाही. बाप हयात नसणे हेही मला योग्य वाटले. जुन्या फ्रेंच आणि जर्मन रूपांमध्ये तो जिवंत असतो, लेकीचे हाल त्याच घरात चाललेले असतात आणि तो एक शब्द बोलत नाही. मुले नेमकी त्याच्याविषयी विचारतात आणि सांगणाऱ्याची पंचाईत होते.

पहिल्या पाच मिनिटांतच कथेकरी बाईंनी ‘नावडती’ हा शब्द उच्चारला, आणि माझ्या मते सबंध प्रयोगाचा पाया तिथे भरला गेला. श्रावणी सोमवारी वाचल्या जाणाऱ्या शिवामुठीच्या कहाणीत राजाच्या तीन सुना आवडत्या असतात आणि चौथी नावडती; तिला जेवायला उष्टे, नेसायला जाडेभरडे, राहायला गुरांचे बेडे. ती रानात जाते, तिथे तिला नागकन्या आणि देवकन्या भेटतात, त्यांच्याकडून ती वसा घेते आणि तिचे दिवस पालटतात. म्हणजे सिंड्रेला मराठी घरात फार पूर्वीपासून होतीच. फक्त ती लेक नसून सून होती, कारण आपल्याकडे मुलीला परके घर भेटत असे ते सावत्र आईमुळे जितके, त्याहून कितीतरी अधिक लग्नामुळे. ज्या बायकांनी ही कहाणी हातात तांदूळ घेऊन वर्षानुवर्षे ऐकली, त्यांना ‘नावडती’ म्हटल्यावर आणखी काही समजावून सांगावे लागत नाही. सभागृहात नातवंडांना घेऊन आलेल्या आज्या बऱ्याच होत्या, आणि त्या शब्दावर त्यांच्या माना हलल्या, हे मी पाहिले.

परक्या गोष्टीला आपल्या मातीत आणणे म्हणजे तिच्यावर काही लादणे, असे मानणाऱ्यांना मी एवढेच सांगेन की ही गोष्ट कोणा एका देशाची कधी नव्हतीच. मॅरियन रोल्फ कॉक्स या इंग्रज संशोधिकेने १८९३ साली तिची आणि तिच्या जवळच्या कथांची मिळून ३४५ रूपे एकत्र केली होती. आपण जी शाळेत ऐकतो ती परी, भोपळ्याची गाडी आणि काचेचा बूट असलेली गोष्ट शार्ल पेरो याने १६९७ साली लिहिलेली आहे. ग्रिम बंधूंच्या १८१२ सालच्या संग्रहात परी नाही; तिथे आईच्या थडग्यावर वाढलेले झाड मुलीला वस्त्रे देते. हरवलेल्या पादत्राणावरून मुलीचा शोध घेणे तर आपल्या दख्खनच्या गोष्टींतही आहे. मुंबईचे गव्हर्नर राहिलेल्या बार्टल फ्रियर यांच्या मुलीने, मेरी फ्रियरने, आपल्या घरातल्या ॲना लिबरेटा डिसूझा या आयाकडून ऐकलेल्या कथा १८६८ साली प्रसिद्ध केल्या; त्यांतल्या एका कथेत राजकन्येची मोजडी डोंगरावरून खाली जंगलात पडते, ती एका राजपुत्राला सापडते आणि त्यावरून तो तिच्यापर्यंत पोहोचतो. इतका हिंडून आलेला पाहुणा कोळीवाड्यातही राहील. प्रश्न एवढाच की त्याला तिथे काही काम दिले आहे की नुसतेच कपडे बदलून बसवले आहे.

परीच्या जागी या प्रयोगात निवटी आहे. खाडीच्या चिखलात उड्या मारत चालणारा, डोळे डोक्यावर असलेला, अंग ओले असेपर्यंत पाण्याबाहेरही तग धरणारा हा लहानसा मासा मुंबईच्या आजच्या मुलांनी क्वचितच पाहिला असेल. टोपलीतल्या मासळीत एक निवटी जिवंत सापडते, खारी तिला मीठ न लावता खाडीत सोडून देते, आणि त्या दिवसापासून ओहोटीच्या वेळी निवटी चिखलातून उड्या मारत तिच्या परसापर्यंत येते. सावत्र आईला हे कळते. ती निवटी पकडून कालवणात घालते. खारी ताटातले काटे गोळा करून माडाच्या मुळाशी पुरते, आणि पुढे जे मागावे ते त्या माडाकडून मिळते. हे ऐकताना मी चकित झाले, कारण नवव्या शतकात तुआन छंग-शी या चिनी लेखकाने नोंदवून ठेवलेल्या रूपातही अनाथ मुलीचा मित्र मासाच आहे, तिथेही सावत्र आई त्याला मारून खाते आणि तिथेही त्याच्या काट्यांत सामर्थ्य राहते. कोळीवाड्यासाठी केलेला बदल अशा रीतीने गोष्टीच्या फार जुन्या रूपाजवळ गेला आहे. सोनेरी मासा घेण्याचा मोह टाळून निवटी घेतली, यात खरी जाण दिसते. ज्या माशाला बाजारात मान नाही, त्याने ज्या मुलीला घरात मान नाही तिच्या मदतीला यावे, हे मुलांना न सांगता कळते. मावशींची नात माझ्या नातीला हळूच सांगत होती की निवटी हातात धरली की सुळकन निसटते, तिने आजीबरोबर पाहिली आहे. आणि माझी नात तिच्याकडे अशा आदराने पाहत होती की मला फार बरे वाटले.

भोपळ्याविषयी मात्र माझी तक्रार आहे. गाडीच्या जागी होडी आणली हे अगदी बरोबर. पण ती होडी खाडीत सुटताच ढोलकीवाल्या तरुणाने “चल रे भोपळ्या टुणुक टुणुक” सुरू केले आणि सभागृहातली सगळी मुले उभी राहून ते म्हणू लागली. लेकीकडे जाऊन तूपरोटी खाऊन जाडजूड होणारी ती म्हातारी मलाही प्रिय आहे, आणि मराठी मुलांकडे भोपळ्याचे वाहन आधीपासूनच आहे ही आठवणही रास्त आहे. पण ती गोष्ट लांडग्याला आणि वाघाला शब्दांनी चकवणाऱ्या म्हातारीची आहे. तिचा चाळा इथे केवळ टाळ्यांसाठी आला. खारी पहिल्यांदा घराबाहेर पडते, अंधारी खाडी, एकटी मुलगी, अशा क्षणी मुलांचा श्वास रोखलेला असायला हवा होता, आणि तो टुणुक टुणुकमध्ये सुटून गेला. पुन्हा सगळ्यांना खाली बसवून गोष्ट जागेवर आणायला त्यांना चांगली चार-पाच मिनिटे लागली.

आता ज्या भागासाठी मी हा प्रयोग पुन्हा पाहीन त्याविषयी. पेरोच्या गोष्टीत रात्री बाराच्या आत परत यायचे असते, कारण परीने तसे सांगितले आहे. बाराच का, अकरा का नाही, याला परीच्या शब्दापलीकडे कारण नाही. या प्रयोगात ती रात्र नारळी पौर्णिमेची आहे, आणि मुंबईच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे पुरी होते. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून किनाऱ्यावरची माणसे घड्याळ न बघता तिथीवरून पाणी सांगतात. आमच्या आजोळी कोकणात आजोबा तिथीची पाऊणपट करीत: चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती, अष्टमीला आठ पाऊणे सहा, पौर्णिमेला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे मध्यरात्रीच्या अलीकडे पलीकडे. पाऊणकीचा पाढा शाळेतून गेला आणि हा हिशेबही घरांतून गेला. शिवाय पौर्णिमेचे पाणी उधाणाचे असते. अष्टमीच्या भांगाच्या पाण्यात चढउतार थोडा असतो, पण उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच ते सुकतीला खाली जाते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती असली की वर्तमानपत्रे आपल्याला सावध करतात ती याच दिवसांत. खारीचे झोपडे खाडीच्या आतल्या अंगाला आहे आणि नाच बंदरावर. भरतीच्या पाण्यावर होडी जाते. पण सुकती लागली की खाडीचे तोंड उघडे पडणार, होडी चिखलात रुतणार आणि पहाटे सावत्र आईला रिकामी चटई दिसणार. माड तिला वेळ सांगत नाही. तो फक्त म्हणतो, “पाणी ठरेल तेवढाच वेळ तुझा.”

भरती आणि ओहोटी यांच्या मधली ती थोडकी वेळ, जेव्हा पाणी ना चढते ना उतरते, ती या प्रयोगात ढोलकी पूर्ण थांबवून दाखवली आहे. नाच रंगात आलेला असतो, झांज वाजत असते, आणि अचानक सगळे थांबते. कथेकरी बाई हात पुढे करून पाण्याकडे पाहिल्यासारखे पाहतात. सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. माझ्या शेजारी मावशी, कोणाला उद्देशून नव्हे, सहज म्हणाल्या, “बरोबर हाय. पुनवेचं पाणी बारालाच भरतं.” बाराच्या टोल्यांना मी इतकी वर्षे केवळ गोष्टीतली एक अट समजत होते, त्या सकाळी प्रथमच मला ती वेळ खरी वाटली, आणि तिच्यामागे धावणारी मुलगीही.

बुटाच्या जागी बांगडी आहे, काचेची, हिरवी. वाळूत आणि चिखलात अनवाणी वावरणाऱ्या मुलीला बूट देणे शक्यच नव्हते, पण काच मात्र हातात राहिली. मला कौतुक वाटते ते बांगडी आणली याचे तितकेसे नाही, तिच्या मागची आणि पुढची बांधणी केली याचे आहे. अगदी आरंभी, जाळ्यातून मासे सोडवताना, खारी अंगठा तळहातात दुमडून हात जाळ्याच्या घरातून आत घालते आणि तसाच बाहेर काढते. हे एका चित्रात दाखवले आहे आणि बाईंनी ते स्वतःच्या हाताने करूनही दाखवले. त्या वेळी ते केवळ कामाचे वर्णन वाटते. पुढे बंदरावरून पळताना नाखव्याचा, म्हणजे होडीच्या मालकाचा, मुलगा (या गोष्टीतला राजपुत्र तोच) तिचा हात धरतो, ती अंगठा दुमडून हात सोडवून घेते आणि बांगडी त्याच्या मुठीत राहते. आणि आणखी पुढे, सावत्र बहिणी साबण लावून, तेल लावून, ओरखडे काढून घेऊनही जी बांगडी बोटांच्या सांध्यापलीकडे नेऊ शकत नाहीत, ती खारीच्या भेगाळलेल्या, मिठाने राठ झालेल्या हातात त्याच दुमडीने सहज जाते. ग्रिमच्या रूपात बहिणी बुटासाठी पायाचा अंगठा आणि टाच कापून घेतात. इथे ते रक्त ओरखड्यावर आले आहे, आणि सात-आठ वर्षांच्या मुलांसमोर तेवढे पुरेसे आहे. खारीचा हात नाजूक आहे म्हणून ती निवडली जात नाही. ती निवडली जाते कारण तिच्या हाताला काम येते. लहान पाय म्हणजे चांगली मुलगी, हे जुने गृहीत इथे एकही उपदेशाचा शब्द न वापरता मोडले आहे.

कासाराचे पात्र हा दुसरा आनंद. नाखव्याचा मुलगा घरोघर बांगडी घेऊन हिंडत नाही. तो सरळ कासाराकडे जातो, कारण कोणत्या घरातल्या कोणत्या बाईला सव्वादोनची लागते आणि कोणाला अडीचची, हे कासाराइतके गावात दुसऱ्या कोणालाच ठाऊक नसते. पारावर बसलेला कासार बांगडी बोटावर फिरवून पाहतो आणि म्हणतो की हे माप त्याने कधी कोणाला भरलेच नाही, म्हणजे जिला कधी कोणी बांगड्या भरल्या नाहीत अशी मुलगी शोधा. हे वाक्य ऐकून मागच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. माझीही अवस्था वेगळी नव्हती. एवढ्या बारकाईने बांगडीचा विचार केल्यावर बाईंच्या तोंडून झटापटीच्या प्रसंगात “दुसरी बांगडी फुटली” असे वाक्य गेले, याचे मला वाईट वाटले. आपल्याकडे बांगडी फुटत नाही, ती वाढते. कोळीवाड्यात काय किंवा इतरत्र काय, लग्नाच्या गोष्टीत तर कोणतीही आजी तसा शब्द येऊ देणार नाही. दोन-तीन आज्यांनी एकमेकींकडे पाहिले. मूल ज्या वयात शब्द उचलते, त्या वयात त्याच्या कानावर हा ‘वाढणे’ पडला असता तर किती बरे झाले असते.

यापेक्षा मोठा दोष भाषेचा आहे, आणि तो मला अजिबात लहान वाटत नाही. सावत्र आई कोळी बोलीत बोलते, बहिणी कोळी बोलीत भांडतात, नाखवा रागावतो तो बोलीत. पण खारी आणि नाखव्याचा मुलगा पाठ्यपुस्तकातली मराठी बोलतात. सावत्र आई ‘म्हावरं’ म्हणते, खारी ‘मासे’ म्हणते. बहिणी ‘दर्या’ म्हणतात, खारी ‘समुद्र’ म्हणते. एकाच घरात, एकाच चुलीवर वाढलेल्या मुलींची भाषा अशी दोन तऱ्हांची कशी होईल? ऐकणाऱ्या मुलाच्या मनात यातून काय बसते, तर प्रेमळ, सोशिक, सुंदर माणसे शुद्ध बोलतात आणि दुष्ट व हास्यास्पद माणसे बोली बोलतात. मावशींनी बाहेर आल्यावर मला पहिला प्रश्न हाच विचारला: “बाई, ती पोर कोळीवाड्यातली ना? मग ती शाळेतल्या पुस्तकासारखी का बोलते?” त्यांची नात इंग्रजी माध्यमात शिकते आणि घराबाहेर आपली बोली बोलायला लाजते, हे मला आधीपासून माहीत आहे. त्या मुलीला या प्रयोगाने निवटी दिली, नारळी पौर्णिमा दिली, आणि तिची भाषा मात्र सावत्र आईच्या तोंडी दिली.

प्रयोगानंतर मी हे दोघांनाही सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि उत्तर दिले की शहरातल्या मुलांना नायिकेची बोली कळणार नाही, गोष्ट हातातून निसटेल, अशी त्यांना भीती वाटते. ही भीती खरी नाही, कारण तिचे उत्तर त्यांच्याच प्रयोगात मिळाले होते: सावत्र आईच्या प्रत्येक वाक्याला मुले हसत होती, म्हणजे तिचे प्रत्येक वाक्य त्यांना कळत होते. जी बोली हसण्यापुरती कळते ती रडण्यापुरतीही कळेल. युरोपात ही गोष्ट प्रथम छापली गेली ती १६३४ साली, जांबात्तिस्ता बाझिले याच्या संग्रहात, आणि बाझिलेने ती प्रतिष्ठित इटालियनमध्ये नव्हे तर नेपल्सच्या बोलीत लिहिली होती. नेपल्सची मुलगी नेपल्सच्या बोलीत बोलली तर माहीमच्या मुलीने माहीमच्या बोलीत बोलायला काय हरकत आहे? मला आशा आहे की ते यावर विचार करतील, कारण ऐकताना ढोलकीवाल्या तरुणाने वही काढून काहीतरी लिहून घेतले.

इतर गोष्टी थोडक्यात. चित्रे उत्तम आहेत, विशेषतः उधाणाच्या रात्रीचे निळे-काळे चित्र आणि बांबूंवर ओळीने वाळत घातलेल्या बोंबिलांचे. पण ती आठव्या रांगेच्या मागे नीट दिसत नाहीत, तेव्हा लवकर जाऊन पुढे बसावे. मुलांना जमिनीवर सतरंजीवर बसवतात, मोठ्यांसाठी खुर्च्या आहेत. ध्वनिक्षेपक मधूनमधून शिट्टी घालत होता. एवढ्याशा सभागृहात बाईंच्या आवाजाला त्याची गरजही नव्हती. नाचाच्या प्रसंगी आधी मुद्रित केलेले सिंथेसायझरचे संगीत लावतात, ते काढून टाकावे, कारण एकट्या ढोलकीने त्याहून कितीतरी जास्त काम केले होते. पाच वर्षांखालच्या मुलांना निवटी मारण्याचा प्रसंग जड जाईल. त्यापुढच्या मुलांना अवश्य न्यावे, आणि शक्य असेल तर बरोबर आजीलाही न्यावे. आमच्या सोसायटीत श्रावणात हाच प्रयोग ठेवावा असे मी समितीला सुचवले आहे.

शेवट घाईत उरकला जातो. बांगडी हातात गेल्यानंतर पाच मिनिटांत लग्न, वऱ्हाड, क्षमा मागणारी सावत्र आई, सगळे होऊन जाते, आणि ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ म्हणून चित्रांवर पडदा येतो. त्या घाईतच एक वाक्य येते: लग्नात खारीने उजव्या हातातल्या बांगड्या दर्याला दिल्या. एवढेच. सभागृहातल्या नव्वद टक्के मुलांना त्याचा अर्थ कळला नसणार, आणि माझ्या नातीलाही कळला नाही. बाहेर शाळेच्या पटांगणात कट्ट्यावर बसून तिने मावशींनाच विचारले. मावशींनी सांगितले की पूर्वी त्यांच्या सोनकोळ्यांत लग्नाच्या वेळी नवरीच्या उजव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून दर्याला देत, म्हणजे दर्याने तिच्या नवऱ्याला सांभाळावे. त्यांच्या आजीचा डावा हात मनगटापासून हिरव्या काचेने भरलेला असे आणि उजव्यात काच कधी आली नाही. मग आजोबा कोणत्या वादळात कुठे अडकले, आजी किती रात्री बंदरावर बसली, होडी कोणत्या पहाटे दिसली, हे सगळे त्या सांगत गेल्या, आणि त्या गोष्टीतली कोणतीच माणसे पुस्तकासारखी बोलत नव्हती. त्यांची नात मध्येमध्ये आजीचा शब्द दुरुस्त करीत होती, तिच्याच बोलीत. माझ्या नातीने ऐकता ऐकता आपल्या उजव्या हातातली बांगडी काढली, अंगठा तळहातात दुमडून ती डाव्या हातात चढवली, आणि “मग होडीत काय होतं?” असे विचारले.